तीन आठवड्यांच्या परदेशी अभ्यासवर्गातून दुसऱ्या समाजाची जाण येते का?

ओंजळ

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात शिकवते. गेल्या जुलैत आमच्या चौदा विद्यार्थ्यांना घेऊन मी तीन आठवडे जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गेले होते. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी पर्यावरण आणि शहररचना या विषयांवरची व्याख्याने आणि शनिवारी जवळपासची सहल, असा अभ्यासवर्ग होता. माहितीपत्रकात 'आंतरसांस्कृतिक क्षमता वाढवणे' हे उद्दिष्ट सर्वांत वर छापलेले होते. परत आल्यावर प्रत्येकाने त्याविषयी दोन पाने लिहून द्यायची होती.

ती पाने वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. अकरा जणांनी स्वच्छता, वक्तशीरपणा आणि रविवारी बंद असलेली दुकाने यांबद्दल लिहिले. यातले बरेचसे त्यांना पुण्यातून निघण्यापूर्वीच ठाऊक होते. दोघांनी समारोपाला 'घरोघरी मातीच्याच चुली' असे लिहिले. उरलेल्या एका मुलीने मात्र एकाच दुपारबद्दल लिहिले, आणि ती दुपार मलाही विसरता येत नाही.

फ्रायबुर्गला विद्यापीठाला लागूनच जुन्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, चौक आहे. चौकात एक उथळ, काळसर, विस्तीर्ण जलाशय आहे. उन्हाळ्यात लहान मुले त्यात नाचतात आणि मोठी माणसे काठावर बसून पाय भिजवतात. आमच्या मुलांनीही बूट काढले, पाण्यात उभे राहून फोटो काढले आणि ते लगेच घरी पाठवले. थोड्या वेळाने या मुलीने काठावरचा मजकूर अक्षरे लावत वाचला. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये नाझींनी जाळलेले सिनेगॉग ज्या जागी उभे होते, त्याच जागी त्याच्या पायाच्या आकाराचे हे पाणी २०१७ मध्ये करण्यात आले आहे. ती चटकन बाहेर आली आणि ओल्या पायांनी तशीच उभी राहिली. शेजारी एक जर्मन आई आपल्या बाळाला पाण्यात चालवत होती. 'यांना माहीत नाही का, आणि माहीत असेल तर हे चालते कसे?' असे तिने मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. संध्याकाळचे जेवण सहाला होते, म्हणून आम्ही निघालो.

पुढच्या वर्षी हा वर्ग पुन्हा न्यायचा आहे. पालक विचारतात की तीन आठवड्यांत काय शिकून येणार. मलाही प्रामाणिकपणे तेच विचारायचे आहे. जे स्वतः असे गेले असतील, ज्यांनी कुणाला नेले असेल किंवा घरी ठेवून घेतले असेल, त्यांनी कृपया लिहावे.

साशंक

ओंजळताई, आपण प्रश्न मोकळेपणाने मांडलात, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. विमानभाडे, व्हिसा, विमा आणि राहणे मिळून अशा वर्गाला एका विद्यार्थ्यामागे अडीच-तीन लाख रुपये सहज लागतात. चौदा मराठी मुले एकत्र जातात, एकत्र राहतात, रात्री एकाच खोलीत बसून मॅगी करतात आणि प्रमाणपत्र घेऊन परत येतात. ही सहल आहे. सहल वाईट नसते, पण तिला क्षमता म्हणू नये. दुसरा समाज समजून घ्यायचा असेल, तर त्या पैशांत चाळीस मुलांना मेळघाटात तीन आठवडे ठेवता येईल. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषा नाही, हे तरी पुण्याच्या मुलांना कळेल.

दुभाषी

मेळघाटाच्या मुद्द्याशी सहमत आहे, परंतु एकाने दुसरे रद्द होत नाही. मी जर्मन शिकवते आणि माझे अनेक विद्यार्थी असे जाऊन आले आहेत, त्यातल्या एकाची गोष्ट सांगते.

त्याला एका वयस्कर दांपत्याकडे राहायला मिळाले होते. पहिल्या रात्री टेबलावर पाव, चीज, काकडीच्या चकत्या आणि लोणी मांडलेले होते. बाईंनी विचारले, 'आणखी घेणार?' आपल्या वळणाप्रमाणे तो म्हणाला, 'नको, पुरे.' बाईंनी झाकण लावले आणि चीज फ्रिजमध्ये ठेवून दिले. तो उपाशी झोपला. दुसऱ्या दिवशी तेच झाले. तिसऱ्या दिवशी त्याने मला लिहिले की ही माणसे कोरडी आहेत, पाहुण्याला आग्रहसुद्धा करत नाहीत.

मी त्याला एवढेच विचारले, की तुझ्या घरी कुणी 'नको' म्हणाले तर आई काय करते? तो म्हणाला, वाढते. मग मी विचारले की 'नको' म्हणणाऱ्याच्या शब्दावर आईचा विश्वास नाही, असे एखाद्या जर्मन माणसाला वाटले तर? त्यावर दोन दिवस त्याचे उत्तर आले नाही. नंतर आले ते असे : 'त्या मला कोरडेपणाने वागवत नव्हत्या, माझ्या शब्दाला मान देत होत्या.' त्या रात्री तो 'हो, घेतो' म्हणाला आणि चार पाव जेवला.

हे सारे पाच दिवसांत घडले. पण मी तो प्रश्न विचारला नसता, तर जर्मन माणसे कोरडी असतात ही समजूत घट्ट करूनच तो परत आला असता आणि पुढची तीस वर्षे ती लोकांना सांगत राहिला असता.

राइनकाठ

मी सोळा वर्षे जर्मनीत आहे. वक्तशीरपणाबद्दल एक सांगावेसे वाटते. इथल्या विद्यापीठांत वेळापत्रकावर दहा वाजता असे लिहिलेले असले आणि पुढे 'सी. टी.' ही अक्षरे असली, तर व्याख्यान सव्वादहाला सुरू होते. 'वेळेसह' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत, आणि ती वेळ म्हणजे पंधरा मिनिटांची सवलत. आपल्या अकरा विद्यार्थ्यांपैकी एकाने तरी हे टिपले होते का? तीन आठवडे त्या वर्गांत बसूनही टिपले नसेल, तर ती मुले जर्मनी पाहत नव्हती, पुण्याहून नेलेले चित्र तिथे आहे का एवढेच तपासत होती. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतात, हेही त्यांनी ऐकले असेल. पण त्याचा अर्थ त्यांनी कुणाला विचारला का?

ओंजळ

राइनकाठ, ठकठक सर्वांनी केली. अर्थ कुणीही विचारला नाही, आणि मीही विचारायला सांगितले नाही. वेळेबद्दल तर दोघांनी उलट लिहिले आहे, की 'प्राध्यापक एकदा उशिरा आले.'

टिपणवही

मी शिक्षणशास्त्रात याच विषयावर काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

अमेरिकी अभ्यासक मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये एक मांडणी केली. सांस्कृतिक भेदाकडे पाहण्याच्या त्यांनी सहा पायऱ्या सांगितल्या. आधी भेद दिसतच नाही. मग दिसतो, पण धोका वाटतो आणि 'आम्ही' व 'ते' असे तट पडतात. तिसऱ्या पायरीवर माणूस म्हणतो की हे भेद वरवरचे आहेत, आत सगळे सारखेच. त्यानंतर स्वीकार, जुळवून घेणे आणि शेवटी दोन्ही दृष्टी अंगी मुरणे. 'घरोघरी मातीच्याच चुली' हे वाक्य या तिसऱ्या पायरीचे अस्सल मराठी उदाहरण आहे. ते वाईट नाही, तट पाडण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पण ते म्हणताना आपण आपलीच चूल मापाला लावतो आणि समोरच्या घरात चूल कुठे मांडली आहे, तिच्याभोवती कोण बसते आणि कोण बसत नाही, हे पाहायचे राहून जाते. माणसे मात्र या पायऱ्या एकेक करून सरळ चढत नाहीत, मागेपुढे होतात. त्यामुळे त्या दोन मुलांवर शिक्का मारू नये.

केवळ सहवासाने पूर्वग्रह जातात, हा समज जुना आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितले होते की सहवासाचा उपयोग होण्यासाठी दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी दोघांना एकमेकांची गरज पडायला हवी आणि संस्थेचा त्याला पाठिंबा हवा. चौदा जणांचा गट व्याख्यान ऐकून वसतिगृहावर परततो, तेव्हा यांतली कोणती अट पूर्ण होते?

परदेशी अभ्यासाबद्दल मायकेल व्हँडे बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात ६१ कार्यक्रमांतले हजाराहून अधिक अमेरिकी विद्यार्थी होते. तिथे असतानाच अनुभवाचा अर्थ लावायला मदत करणारा मार्गदर्शक असणे ही गोष्ट प्रगतीशी ठळकपणे जोडलेली दिसली, आणि नुसते परदेशी जाऊन राहिल्याने आपोआप प्रगती होते ही समजूत त्या अभ्यासापुढे टिकली नाही. दुभाषीताईंनी त्या मुलाला जो प्रश्न विचारला, तेच हे काम.

म्हणून, ओंजळताई, त्या चौकात आपल्याला उत्तर आले नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. खुद्द फ्रायबुर्गच्या लोकांतही त्या पाण्यात खेळावे की नाही यावर वाद झालेला आहे. स्मृतिस्थळ म्हणजे शांत, रिकामी जागा असावी असे काहींना वाटते, आणि जिथे द्वेष होता तिथे आज मुले हसतात हेच बरे, असे इतरांना. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न वर्गातल्या जर्मन विद्यार्थ्यांना विचारायला हवा होता. एका समाजात एकच मत नसते, हे तिला त्या दिवशी कळले असते.

साशंक

टिपणवही, आपल्या प्रतिसादाने माझा मुद्दा थोडा सैल झाला, हे मान्य करतो. पण मग खरे शिकवतो तो मार्गदर्शकच. तो इथेही देता येईल. मग विमान कशाला?

दुभाषी

कारण उपाशी झोपावे लागत नाही, तोवर प्रश्न पोटापर्यंत जात नाही.

ओसरी

मी उलट्या बाजूने लिहिते. पुण्यात अमेरिकन विद्यार्थी गेली कित्येक दशके येतात, कुणी मराठी शिकायला, कुणी एखाद्या सत्रासाठी. आमच्या घरी असे नऊ जण राहून गेले. आग्रहाचे म्हणाल, तर त्यांची अडचण नेमकी उलटी असते. 'पुरे' हा शब्द ती पाठ करून येतात आणि त्याचा काही उपयोग होत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताटावर आडवा हात धरायला शिकतात.

पण मला वेगळे सांगायचे आहे. एक मुलगी पाच आठवडे होती. रोज एक गोष्ट पाहायची आणि त्याबद्दल घरातल्या कुणाला तरी विचारायचे, असा तिला अभ्यास दिलेला होता. एके दिवशी तिने मला मराठीत, शब्द जुळवत विचारले, 'काकू, मावशींचा कप वेगळा का?'

आमच्याकडे बावीस वर्षे कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप खिडकीत, स्टीलचा, वेगळा ठेवलेला असे. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून तसेच चालत आले होते. मी म्हटले, 'त्यांना तोच आवडतो.' तिने मान हलवली आणि वहीत लिहून घेतले. तिच्या आवाजात आरोप नव्हता, तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मी मावशींना कधी विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले. त्या म्हणाल्या, 'आवडायचं काय त्यात, तुम्ही द्याल तो.'

आता आमच्याकडे सहा एकसारखे कप आहेत आणि मावशी टेबलाशी बसून चहा घेतात. पहिले दोन महिने त्यांना अवघडल्यासारखे झाले आणि मलाही. ती मुलगी परत जाऊन काय शिकली ते मला माहीत नाही, माझ्या घरात मात्र ती काही करून गेली. म्हणून पालकांना सांगताना आपली मुले काय घेऊन येतील, एवढेच सांगू नका. ती जिथे जातात तिथे काय ठेवून येतात, तेही विचारात घ्या.

राइनकाठ

ओसरीताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

बालाघाट

मी अंबाजोगाईजवळच्या गावातून बारावीनंतर पुण्यात आलो. पुढे शिष्यवृत्तीवर दोन महिने जर्मनीत प्रयोगशाळेत काम करून आलो. दोन्ही प्रवासांत अवघड कोणता, असे कुणी विचारले तर मी पुण्याचा सांगतो.

जर्मनीला जाण्यापूर्वी आम्हाला दोन दिवसांचे मार्गदर्शन मिळाले. कचरा कसा वेगळा करायचा, प्राध्यापकांना कसे संबोधायचे, एकदा वापरायची प्लास्टिकची बाटली परत दिली की पंचवीस सेंट मिळतात, सगळे सांगितले. पुण्याच्या वसतिगृहात मात्र पहिल्याच आठवड्यात मी मेसमध्ये 'मला भाजी लागती' म्हणालो आणि टेबल हसले. पुढचे सहा महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. कुणाला वाटले नाही की इथेही कुणी एका समाजातून दुसऱ्या समाजात आले आहे आणि त्याला तयारीची गरज आहे. हसणाऱ्यांनाही ती हवी होती, हे तर कुणाच्या मनातही आले नाही.

जर्मनीत पहिल्या बैठकीत प्राध्यापक माझ्या आलेखाकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर 'हे चूक आहे' म्हणाले. सोबतचा पुण्याचा मुलगा नंतर म्हणाला की त्यांनी तुझा अपमान केला. मला तसे वाटले नाही. आलेख चूक होता, आणि ते आलेखाबद्दल बोलत होते. पुण्यात ते माझ्या बोलण्याला हसले होते, तेव्हा मला चूक म्हणाले होते. हा फरक मला लगेच कळला, कारण एकदा मी सीमा ओलांडलेली होती.

साशंकदादांना मेळघाट म्हणायचा आहे तो याचसाठी असेल, तर मी त्यांच्या बाजूने आहे. पण पुण्याच्या मुलांना मेळघाटात नेण्यापूर्वी त्यांच्याच वर्गातल्या मेळघाटच्या मुलाशेजारी बसवा.

साशंक

बालाघाट, मला हेच म्हणायचे होते, पण मी ते पैशांच्या हिशेबात मांडले. आपण ते नीट मांडलेत.

उत्तरायण

मी विद्यार्थिनी आहे. दोन वर्षांपूर्वी चार आठवड्यांसाठी लाइपझिगला गेले होते. ओंजळ मॅडमनी सिनेगॉगच्या चौकाबद्दल लिहिले, म्हणून मलाही लिहावेसे वाटले.

निघताना आईने माझ्या बॅगेवर कुंकवाने स्वस्तिक काढले होते. माझ्या ते लक्षातही नव्हते. वसतिगृहात माझ्यासोबत एक जर्मन मुलगी राहत होती. तिने दार उघडले, हसून हात पुढे केला, आणि मी बॅग आडवी ठेवताच तिचा चेहरा बदलला. दोन दिवस ती कामापुरते बोलली. मला वाटले, ही गर्विष्ठ आहे.

तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात तिनेच विचारले, की ते चिन्ह तू का लावले आहेस? मी तिला आमच्या उंबरठ्याचा, दिवाळीच्या रांगोळीचा, वडिलांच्या दुकानातल्या चोपडीच्या पहिल्या पानाचा फोटो दाखवला. नाझींच्या चिन्हाला जर्मनमध्ये 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे हुकांचा क्रूस, असे म्हणतात, हे तिने मला सांगितले. तोवर मला वाटत होते की जगाने आमचे चिन्ह चोरले आणि आता आम्हालाच जाब विचारते आहे. मग तिने सांगितले की तिच्या आजीकडे पणजोबांचा गणवेशातला फोटो आहे. तो कपाटात पालथा ठेवलेला असतो. कुणी फेकत नाही आणि कुणी सरळही करत नाही.

मला त्या क्षणी आठवले की आमच्या महाविद्यालयातल्या एका वादस्पर्धेत मी 'देशाला हिटलरसारखी शिस्त हवी' असे म्हटले होते आणि टाळ्या मिळवल्या होत्या. ते वाक्य मी तिला सांगितले. तिने रागावून काही म्हटले नाही. तिने विचारले, 'त्या सभागृहात कुणीच उठून काही बोलले नाही?' कुणीच बोलले नव्हते.

टिपणवही यांनी विचारले आहे, की समान उद्दिष्टाची अट कुठे पूर्ण होते. आमची त्या स्वयंपाकघरात झाली, कारण आम्हा दोघींना एकाच चुलीवर रोज स्वयंपाक करायचा होता आणि न बोलून चालणार नव्हते. बॅगेवरचे स्वस्तिक मी पुसले नाही. परतीच्या वेळी विमानतळावर बॅग देताना मात्र वर कापडी खोळ घातली. ते बरोबर केले का, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

टिपणवही

उत्तरायण, तो प्रश्न तसाच राहू द्या.

दुसरी एक गोष्ट ओंजळताईंसाठी. परत आल्यानंतर दोन पाने लिहून घेणे पुरेसे नाही, आणि कुणासाठी लिहायचे हेही महत्त्वाचे असते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथल्या समाजाबद्दल त्यांनी १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिले, ते इथल्या वाचकांसाठी. इथल्या माणसाला काय समजावून सांगावे लागेल, याचा विचार करताना आपण काय पाहिले ते लिहिणाऱ्यालाही स्वच्छ दिसू लागते. गुणांसाठी शिक्षकाला लिहून दिलेल्या पानांत स्वच्छता आणि वक्तशीरपणा येणारच.

राइनकाठ

एक व्यावहारिक सूचना. युरोपात इरॅस्मस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेखाली अलीकडे असे लहान अभ्यासवर्ग होतात. प्रत्यक्ष मुक्काम पाच ते तीस दिवसांचा, आणि त्याला जोडून दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी दूरस्थ पद्धतीने एकत्र काम करणे सक्तीचे. तशी औपचारिक योजना तुमच्याकडे नसली, तरी जाण्यापूर्वी महिनाभर तिथल्या चार-पाच विद्यार्थ्यांसोबत आपल्या मुलांना एखादे काम द्या. मुठेचा काठ आणि फ्रायबुर्गची द्रायझाम नदी यांची तुलना, असे काहीही चालेल. तिथे पोहोचतील तेव्हा स्टेशनवर ओळखीचा चेहरा असेल आणि अर्धवट राहिलेले काम असेल.

ओंजळ

सर्वांचे प्रतिसाद मी छापून घेतले आणि काल विभागाच्या बैठकीत वाचून दाखवले. काय ठरले ते सांगते.

चौदा जणांचा एक गट न ठेवता दोघादोघांना तिथल्या विद्यार्थ्यांसोबत राहता येईल का, अशी विचारणा आम्ही केली आहे. नदीचे काम जानेवारीत सुरू करू. तिथे असताना रोज रात्री अर्धा तास मी मुलांसोबत बसेन. त्या दिवशी जे खटकले किंवा कळले नाही, तेवढेच त्यांनी सांगायचे. आवडलेल्या गोष्टी सांगायच्या नाहीत, त्या फोटोंत असतातच. परत आल्यावर अहवाल बंद. प्रत्येकाने आपल्या जुन्या शाळेत जाऊन आठवी-नववीच्या मुलांना एक तास सांगायचे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. ओसरीताई, आपला कपाचा प्रसंग मी तयारीच्या पहिल्या दिवशी वाचून दाखवू का? आपली परवानगी हवी.

साशंक यांनी खर्चाचा मुद्दा काढला, म्हणून दोन विद्यार्थ्यांचा पूर्ण खर्च महाविद्यालयाने उचलावा, असा प्रस्ताव दिला आहे. प्राचार्यांनी अजून होकार दिलेला नाही.

बालाघाट, आपल्याला एक विनंती आहे. तयारीचे पहिले सत्र जर्मनीबद्दल घ्यायचे नाही, असे ठरले आहे. आमच्याच वसतिगृहातल्या मेसबद्दल घ्यायचे आहे. आपण याल का?

ओसरी

अवश्य वाचा. मावशींनाही विचारले. त्या म्हणाल्या, माझे नाव घालू नका, बाकी सांगा.

बालाघाट

येईन. शनिवार असेल तर बरे, मी आता नाशिकला असतो. आणि सत्र सभागृहात ठेवू नका, मेसमध्येच ठेवा, जेवणाच्या वेळी.